पॉपमध्ये गाजलेली जुनी कंट्री गाणी 'खरी' कंट्री मानायची का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: पॉपच्या श्रोत्यांनीही डोक्यावर घेतलेली जुनी कंट्री (अमेरिकेतल्या ग्रामीण वळणाची) गाणी कोणती, आणि फिडल (म्हणजे व्हायोलिन) काढून मागे कोरस घातलेली ही गाणी खरी कंट्री मानायची का. पहिल्याचं उत्तर कुणीही देईल. दुसऱ्यावरून आमच्या घरात 35 वर्षांपूर्वी जे झालं ते माझ्या मनातून अजून गेलेलं नाही, म्हणून लिहितेय.

माझे बाबा मुंबईच्या गोदीत होते. तिथल्या वसईच्या एका सहकाऱ्याने त्यांना अमेरिकन कंट्री गायक जिम रीव्ह्जची एलपी दिली होती. बाबांचं इंग्रजी कामापुरतं, पण 'ही'ल हॅव टू गो' त्यांना पहिल्या दिवशीच कळलं. आईला सांगायचे, "तो बारमधून तिला फोन करतोय. तिच्याजवळ दुसरा बसलाय, म्हणून तिला मोकळेपणी बोलता येत नाही." आमच्या इमारतीत एकच फोन, तोही तळमजल्यावर, चार माणसांदेखत बोलायचा. आईला वेगळं समजवावं लागलं नाही. रविवारी सकाळी बाबा जुन्या धोतराच्या मऊ फडक्याने रेकॉर्ड पुसायचे, सुई अलगद टेकवायचे. जराशी खरखर, आणि मग तो खालच्या पट्टीतला आवाज, अगदी कानाशी लागून.

बाबांच्या साठीला घर पाहुण्यांनी भरलं होतं. माझा आतेभाऊ तेव्हा गिटार शिकत होता. हेच गाणं लागलेलं असताना त्याने सुई मध्येच उचलली. म्हणाला, "मामा, हे कंट्री नाहीच. पॉपवाल्यांना विकायला गुळगुळीत केलंय. खरं ऐकायचं तर हँक विल्यम्स ऐका." आणि त्या जुन्या कंट्री गायकाची आपली कॅसेट लावली. बाबा काही बोलले नाहीत. रेकॉर्ड कव्हरमध्ये घातली आणि पानं मांडायला आत गेले. नंतर कित्येक रविवार ती बाहेर निघाली नाही. मी सतरा वर्षांची होते, बोलायला मुद्दे नव्हते. आता आहेत.

'विकायला केलं' म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की 1959 च्या शेवटी हे गाणं दोन गाण्यांच्या छोट्या रेकॉर्डवर आलं तेव्हा कंपनीचा भरवसा दुसऱ्याच गाण्यावर होता. हे मागच्या बाजूला होतं. रेडिओवाल्यांनी रेकॉर्ड उलटून वाजवली आणि 1960 मध्ये ते अमेरिकेतल्या लोकप्रिय कंट्री गाण्यांच्या यादीत 14 आठवडे पहिलं राहिलं, पॉपच्या यादीत दुसऱ्या नंबरपर्यंत गेलं. म्हणजे कंट्रीच्या श्रोत्यांनीच ते आधी आपलं म्हटलं. गाणं लिहिणारे जो आणि ऑड्री ॲलिसन हे नवरा-बायको. ऑड्री फोनवर फार हळू बोलायची, तिला तोंड फोनजवळ आण म्हणावं लागायचं, त्यातून हे गाणं सुचलं. असल्या घरगुती गोष्टीत बनावट ती काय? रीव्ह्ज आधी मोठ्या आवाजात गायचा, 1953 चं 'मेक्सिकन जो' ऐका. 1957 च्या 'फोर वॉल्स'ला तो माइकला जवळजवळ ओठ लावून गायला. तसं गायला गळ्यावर जास्त ताबा लागतो, कमी नाही.

आणि ज्या हँकचं नाव दादाने घेतलं, त्याचंच 'कोल्ड, कोल्ड हार्ट' पॉप गायक टोनी बेनेटने 1951 मध्ये भरघोस वाद्यवृंदासह गाऊन पॉपमध्ये पहिल्या नंबरवर नेलं. गाणं तेच, दुःख तेच.

तुमच्या यादीसाठी: पॅट्सी क्लाइनचं 'क्रेझी' (1961) आधी ऐका. ते विली नेल्सनने लिहिलंय. गाडीच्या अपघातात पॅट्सीच्या बरगड्यांना मार बसला होता, श्वास पुरेना, म्हणून साथ आधी रेकॉर्ड झाली आणि तिने नंतर येऊन गाणं म्हटलं. मग रे चार्ल्सचं 'आय कान्ट स्टॉप लव्हिंग यू' (1962), मूळ डॉन गिब्सनचं. पुढे ग्लेन कॅम्पबेलचं 'राइनस्टोन काउबॉय' (1975). डॉली पार्टनचं 'आय विल ऑलवेज लव्ह यू' 1974 चंच ऐका. व्हिटनी ह्यूस्टनचं तुम्ही ऐकलेलं असणारच.

एक मात्र मान्य करते. कंट्रीचं माहेरघर असलेल्या नॅशव्हिल शहरातल्या या नव्या घाटात फिडल आणि स्टील गिटार वाजवणाऱ्यांचं काम खरोखरच कमी झालं. ज्यांच्या हातचं काम गेलं त्यांनी चिडणं मी समजू शकते. दादाचं काही गेलं नव्हतं. आणि हँक मलाही मनापासून आवडतो, नंतर त्याच कॅसेटवरून आवडायला लागला, हेही सांगायला हवं.

बाबा आता नाहीत. एलपी माझ्याकडे आहे, प्लेअरला नवी सुई बसवून घेतली आहे. दादा गणपतीत येतो. या वेळी ते गाणं शेवटपर्यंत लावणार आहे.