हात वीस मिनिटांत सुधारला, मग अॅडमिट कशाला?

प्रश्न थोडक्यात असा: वडिलांचा उजवा हात सकाळी अचानक गळून गेला, बोलणं बोबडं झालं आणि वीस मिनिटांत सगळं पूर्ववत झालं. डॉक्टर अॅडमिट व्हा म्हणतात, वडील 'आता काही होत नाही' म्हणून अडून बसलेत. पुढे मोठा झटका (पक्षाघात, म्हणजे स्ट्रोक) आलाच तर काय करायचं आणि नंतरची सुधारणा कशी होते, हेही विचारलंय.

आजच न्या. परवाची अपॉइंटमेंट चालणार नाही. याला मिनी स्ट्रोक म्हणतात आणि नावातल्या 'मिनी'मुळेच लोक फसतात. मेंदूच्या रक्तवाहिनीत रक्ताची गुठळी अडकली आणि नशिबाने सुटली, पण ती जिथून आली ती जागा तशीच आहे. खऱ्या झटक्याचा धोका पुढच्या ४८ तासांत सर्वांत जास्त असतो. वडिलांना समजावताना 'तब्येत बिघडली आहे' असं म्हणू नका, त्यांना ते पटणार नाही. 'गुठळी कुठून आली ते शोधायचंय' असं सांगा.

तिथे सीटी स्कॅन नॉर्मल येण्याची शक्यता बरीच आहे, आणि इथेच गाडी रुळावरून घसरते. सीटीचं पहिलं काम मेंदूत रक्तस्राव नाही ना, एवढंच पाहणं. गुठळीमुळे झालेली इजा सुरुवातीच्या तासांत त्यात बहुधा दिसत नाही. एमआरआयच्या 'डिफ्यूजन' नावाच्या चित्रात ती लवकर दिसते. त्यामुळे 'सीटी क्लिअर आहे, चला घरी' असं कुणी म्हणालं तर तीन गोष्टी विचारा. मानेच्या रक्तवाहिन्या पाहिल्या का? हृदयाचे ठोके अनियमित आहेत का? साखर आणि एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) किती? ठोक्यांचा अनियमितपणा, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन, येतो-जातो. एका ईसीजीत तो सापडला नाही म्हणजे नाहीच, असं नाही. होल्टर, म्हणजे ठोके नोंदवणारं छोटं यंत्र, अंगावर लावून जास्त वेळ नोंद घ्यावी लागते. हे शोधणं महत्त्वाचं, कारण त्यावर औषधच बदलतं.

ठोके नियमित असतील तर साधारणपणे अॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या दोन गोळ्या २१ दिवस देतात, मग दोन्हींपैकी एकच पुढे चालू राहते. चुका दोन्ही बाजूंनी होतात. कुणी जुन्या चिठ्ठीवर दोन्ही गोळ्या वर्षानुवर्षं घेत राहतो आणि पोटात रक्तस्राव होतो, कुणी २१ दिवस संपले म्हणून दोन्ही बंद करतो. डिस्चार्जच्या कागदावर कोणती गोळी कोणत्या तारखेला थांबवायची हे लिहून घ्या. फिब्रिलेशन सापडलं तर मात्र रक्त गोठू न देणारं वेगळं औषध (अँटिकोअॅग्युलंट) लागतं, अॅस्पिरिन त्याची जागा घेऊ शकत नाही. उजवा हात आणि बोलणं गेलं म्हणजे संशय मेंदूच्या डाव्या बाजूवर, म्हणून मानेची डावी धमनी नीट पाहायची. ती ७० टक्क्यांहून जास्त अरुंद असेल आणि शस्त्रक्रिया ठरली, तर ती शक्यतो दोन आठवड्यांच्या आत व्हावी. उशिरा फायदा घटत जातो.

आता पुन्हा लक्षणं दिसली तर. तोंड एका बाजूला ओढलं जाणं, हात खाली पडणं, बोलणं अडखळणं हे सगळ्यांना पाठ असतं. अचानक तोल जाणं, एकाच्या दोन वस्तू दिसणं किंवा अर्धं दिसेनासं होणं हे सुटतं आणि 'पित्ताची चक्कर' म्हणून दुपार निघून जाते.

दवाखान्यात पहिला प्रश्न येईल, 'कधी झालं?' बहुतेक जण लक्षण आपल्याला कधी दिसलं ते सांगतात. डॉक्टरांना हवी असते ती माणूस शेवटचा ठणठणीत कधी दिसला, ती वेळ. रात्री ११ला नीट झोपले आणि ६ला हात लुळा पडलेला आढळला, तर घड्याळ ११पासून धरतात. ५ला उठून ते बाथरूमला व्यवस्थित जाऊन आले हे कुणी पाहिलं असेल तर तेवढ्या एका माहितीने उपचार बदलू शकतो. ज्याने पाहिलं त्याला सोबत घ्या किंवा फोनवर हजर ठेवा.

गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत देतात. अल्टेप्लेज असेल तर किलोमागे ०.९ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त ९०. दहावा हिस्सा एकदम आणि बाकीचं तासाभरात. टेनेक्टेप्लेज एकाच दमात देतात, किलोमागे ०.२५, कमाल २५ मिलिग्रॅम. म्हणून रुग्णाचं वजन माहीत असू द्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर शेवटची कधी घेतली हेही सांगता आलं पाहिजे. या इंजेक्शनने शंभरात दोन ते सहा जणांना मेंदूत धोकादायक रक्तस्राव होऊ शकतो, त्यामुळे सही करायला सांगतात. तो निर्णय घरी बोलून ठेवा. दवाखान्याच्या दारात काका-मामांना फोन लावत बसण्यात अर्धा तास सहज जातो. मोठी धमनी बंद असेल तर जांघेतून किंवा मनगटातून नळी घालून गुठळी ओढून काढतात. हे नेहमी सहा तासांत आणि स्कॅनमध्ये वाचवण्याजोगा मेंदू दिसला तर निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत. म्हणून आजच चौकशी करून ठेवा: चोवीस तास सीटी चालणारा, इंजेक्शन देणारा दवाखाना कोणता? जवळचं पण सीटी नसलेलं ठिकाण गाठलं तर तिथून हलवण्यात वेळ जातो.

वाटेत काही खायला-प्यायला देऊ नका, पाणीसुद्धा नाही. अॅस्पिरिन देऊ नका. मेंदूत रक्तस्राव असेल तर ते घातक, आणि बाहेरून फरक ओळखता येत नाही. जिभेखाली बीपीची गोळी तर अजिबात नको. अडलेल्या भागाला रक्त पोचावं म्हणून बीपी वर जातं. एकदम खाली आणलं तर इजा वाढते. इंजेक्शन द्यायचं असेल तर डॉक्टर ते १८५/११०च्या खाली आणतात, नाहीतर बऱ्याचदा २२०/१२०पर्यंत हात लावत नाहीत. मधुमेह असेल तर ग्लुकोमीटरने साखर तपासा, कारण साखर खूप उतरली की हुबेहूब अशीच लक्षणं दिसतात.

झटक्यानंतर वॉर्डात सगळ्यात आधी गिळण्याची तपासणी. ती होईपर्यंत तोंडाने चहाचा घोटही नाही, आणि भेटायला येणाऱ्यांनाही हे बजावा. अन्न श्वासनलिकेत उतरून होणारा न्यूमोनिया जिवावर बेततो, आणि दर वेळी ठसका लागेलच असं नाही. घास गालात साठणं किंवा पाणी प्यायल्यावर आवाज ओलसर, घरघरता होणं या खुणा पाहा. अन्न देण्यासाठी घातलेली नाकातली नळी तात्पुरती असते, तिला घाबरू नका.

दुसरी चूक खांद्याची. लुळ्या बाजूचे स्नायू सैल असल्याने खांद्याचा सांधा निसटू लागतो. उठवताना बगलेत हात घालून उचललं किंवा तोच हात धरून ओढलं, की महिनाभराने खांदा इतका दुखतो की रुग्ण फिजिओला हात लावू देत नाहीत. उचलायचं ते कंबर किंवा खांद्याच्या पाठीमागचा भाग धरून, आणि बसताना तो हात उशीवर टेकवून.

चालवण्याची घाईही बेताने. पहिल्या २४ तासांत जोरात आणि वारंवार उठवण्याने परिणाम उलट वाईट होतात, असं २०१५च्या 'अॅव्हर्ट' या रुग्णांवरच्या वैद्यकीय चाचणीत दिसलं. त्यानंतर थोडा थोडा वेळ, दिवसातून अनेकदा. पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा वेगाने होते, पण त्यानंतरही ती थांबत नाही. फिजिओचा तासभर पुरेसा नाही, उरलेल्या वेळात काय करायचं ते रोजच्या कामातूनच बसवा: चमचा, बटण, कपाट उघडणं, तेच तेच, भरपूर वेळा. बोलणं गेलं असेल तर स्पीच थेरपिस्ट लवकर गाठा. शब्द न येणं म्हणजे समजत नाही असं नव्हे. त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल बोलू नका, आणि हो-नाही असं उत्तर देता येईल असे प्रश्न विचारा.

महिन्या-दोन महिन्यांनी माणूस व्यायामाला टाळाटाळ करू लागला, जेवण कमी झालं, उगाच रडू येऊ लागलं, तर त्याला आळस समजू नका. झटक्यानंतर सुमारे एकतृतीयांश रुग्णांना नैराश्य येतं आणि त्यावर गोळ्या असतात. पुढच्या भेटीला डॉक्टरांना हे सांगा, आणि घरच्या बीपीची वहीही न्या: पाच मिनिटं शांत बसून, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीत, सकाळ-संध्याकाळ दोन-दोन नोंदी. १३०/८०च्या खाली ठेवायचं, हे बहुतेकांचं लक्ष्य.