गाळ ओला आहे तोवरच

प्रश्न : सांगलीवाडीच्या आमच्या घरात कमरेएवढं पुराचं पाणी होतं, आता ओसरलंय. सुरुवात कुठून करू? भिजलेला गहू वाळवून चालेल का?

उत्तर : ताई, गहू टाकायचाच. २०१९ला सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा आमच्या गल्लीतही बऱ्याच जणींचा जीव पोत्यांत अडकला होता. पण त्या पाण्यात गटार, मेलेली जनावरं, सगळं असतं. उन्हानं ते जात नाही. फक्त टाकण्याआधी फोटो काढा, तलाठ्याचा पंचनामा होऊ द्या.

गाळ मात्र आजच काढा. वाळला की सिमेंटसारखा बसतो, खराट्याला दाद देत नाही. ओला असतानाच फावड्यानं ओढा, पाणी मारा, मग टीसीएल (ब्लीचिंग) पावडर पाण्यात कालवून फरशी पुसा. त्यात अ‍ॅसिड मिसळू नका, विषारी वायू होतो. पायांत गमबूट हवेतच. टाचेच्या भेगेतूनही लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाचा जंतू, शिरतो. कपाटामागे हात घालण्याआधी काठी फिरवा, साप बसलेले असतात.

फ्रिज, मिक्सर वायरमनला दाखवल्याशिवाय लावू नका. आणि भिंतींना रंगाची घाई नको, आतली ओल पोपडे काढते. दिवाळी बिनरंगाची गेली तर जाऊ दे, सासूबाई काहीही म्हणोत.