बेळगावात सरकारी नोकरीला लागलोय, एनपीएसमध्ये जास्तीचे 50,000 भरू का?

प्रश्नात लिहिलंयस की मागच्या वर्षी एसडीए (द्वितीय दर्जा सहायक, म्हणजे क्लार्क) म्हणून लागलो, 1 एप्रिल 2006 नंतरचा म्हणून पगारातून एनपीएस (नवी पेन्शन योजना) कापतात, ऑफिसातले म्हणतात वरून 50 हजार भर म्हणजे टॅक्स वाचतो, आणि मामा एलआयसी एजंट आहे तो म्हणतो पॉलिसी घे. वयानं लहान दिसतोस म्हणून तू म्हणतो, राग मानू नको.

पहिलं म्हणजे, वाचवायला टॅक्स तर पाहिजे. नवीन रेजीममध्ये, म्हणजे इन्कम टॅक्सच्या नव्या पद्धतीत, पगारदाराला 12 लाख 75 हजारपर्यंत शून्य टॅक्स आहे. नव्या एसडीएला इतका पगार कुठला? आणि ते 50 हजार म्हणजे आयकराच्या 80सीसीडी(1बी) कलमातली वजावट, ते जुन्या रेजीममध्येच चालतं, नवीनमध्ये नाही. तुला सांगणारे सगळे पंधरा वर्षांपूर्वी लागलेले असतील, त्यांचा हिशोब जुना. ते पैसे भरलेस तर 60 वर्षांपर्यंत अडकतील. मधे घर, आजारपण, पोरांचं शिक्षण-लग्न असं काही असलं तर आपण भरलेल्याच्या 25 टक्के काढता येतात, तेवढंच.

आता माझं ऐक, कारण 1 एप्रिल 2006 ही तारीख तुझ्या प्रश्नात वाचली आणि मला रहावलं नाही.

कर्नाटकात 1 एप्रिल 2006 किंवा त्यानंतर हजर झालेले एनपीएसमध्ये, आधीचे जुन्या पेन्शनमध्ये. मी हजर झालो 3 एप्रिल 2006. हो, तीन. ऑर्डर रजिस्टर पोस्टानं घरी आली 20 मार्चला, सोमवार होता, पंधरा दिवसांची मुदत. मी दुसऱ्या दिवशी निघायला तयार. माझे बाबा खानापूर तालुक्यात मराठी शाळेत मास्तर होते, तेव्हा रिटायर होऊन दोनच वर्षं झालेली, ते म्हणाले, "फाल्गुन संपताना कशाला जाऊलालास? पाडवा होऊ दे, गुढी उभारू, मग जा." पाडवा 30 मार्चला. त्या दिवशी उगादीची सुट्टी, म्हणजे हजर व्हायचं 31 ला. आई म्हणाली काय फरक पडतो. मलाही वाटलं काय फरक पडतो.

31 मार्चला पहाटेची बस धरून गेलो, जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या एका तालुक्यातलं ऑफिस, नाव सांगत नाही. हातात बेळगावहून घेतलेला अर्धा किलो कुंदा, ऑफिसात वाटायला. आत गेलो तर टेबलांवर बिलांचे ढीग, एक जण लाल फीत दातात धरून गठ्ठे बांधतोय, दुसरा ओल्या स्पंजवर अंगठा घासून पानं मोजतोय, कुणाला मान वर करायला वेळ नाही. मार्च एंड! मी जॉइनिंग रिपोर्ट पुढं केला. हेडक्लार्कनं बघितला पण नाही, म्हणाला, "साहेब ट्रेझरीत गेल्यात, सोमवार बर्री," म्हणजे सोमवारी या. कुंद्याचा बॉक्स मात्र ठेवून घेतला. माझं कन्नड तेव्हा बसस्टँडपुरतं, भांडायचं कसं? आलो परत. सोमवारी गेलो, दहा मिनिटांत सही झाली, रजिस्टरला तारीख पडली 3.

तेव्हा कुणाला कळलं नाही काय गेलं ते. कळलं मग पगाराची स्लिप हातात आल्यावर, प्रान नंबर (एनपीएस खात्याचा नंबर) आल्यावर, बॅकलॉग म्हणून मागची कपात सुरू झाल्यावर. माझ्याबरोबरच्या यादीतला एक जण 27 मार्चलाच हजर झाला होता, त्याला जुनी पेन्शन. यादी एक, परीक्षा एक, मार्क माझे त्याच्यापेक्षा जास्त.

फरक किती ते बघ. जुन्यात शेवटच्या बेसिकच्या निम्मी पेन्शन आणि वर महागाई भत्ता वाढत जाणार. बाबांचा भत्ता वाढला की ते पासबुक घेऊन बसतात आणि मला वाचून दाखवतात, मुद्दाम. एनपीएसमध्ये समज 40 लाख साठले. 60 टक्के, म्हणजे 24 लाख हातात, टॅक्स नाही. 16 लाखांची ॲन्युइटी (विमा कंपनीकडून दरमहा पेन्शन) घ्यायची, साडेसहा टक्के धरला तर महिन्याला साडेआठ हजारच्या आसपास, त्यात महागाई भत्ता नाही, आणि त्या साडेआठ हजारांवर टॅक्स लागतो तो वेगळाच. केंद्रानं 1 एप्रिल 2025 पासून यूपीएस ही पेन्शन योजना आणली, 25 वर्षं सर्व्हिस असेल तर शेवटच्या बारा महिन्यांच्या बेसिकच्या सरासरीच्या निम्मी, पण ती केंद्राच्या लोकांना. तू राज्याचा.

यावरून आमच्या घरात अठरा वर्षं भांडण. मी म्हणायचो तुमच्या गुढीपायी माझी पेन्शन गेली. बाबा म्हणायचे हेडक्लार्कनं घालवली, मी 31 लाच पाठवलो होतो. खरं सांगायचं तर दोन्ही बरोबर, पण हे मी त्यांना कधी म्हटलो नाही. माझी चूक वेगळीच होती, ती आता तुला सांगतो कारण तुझ्या कामाची आहे, बदली झाली की पुन्हा हजर व्हायचंय तुला. रिपोर्ट ऑफिसच्या आवक टपालात द्यायचा आणि दुसऱ्या कॉपीवर शिक्का-तारीख घ्यायची. साहेब असो नसो. शिक्का 31 चा असता तर भांडायला कागद तरी होता. मी कुंदा दिला आणि शिक्का घेतला नाही, असला शहाणा मी.

मग जानेवारी 2024 मध्ये कर्नाटक सरकारनं आदेश काढला की ज्या भरतीची जाहिरात 1 एप्रिल 2006 च्या आधी निघाली आणि माणूस नंतर हजर झाला, त्याला जुनी पेन्शन घेता येईल. माझी जाहिरात 2005 ची. ऑप्शन भरून दिला. ऑर्डर घरी वाचून दाखवली तर बाबा काय म्हणाले असतील? "बघ, पाडव्याला केलेलं कधी वाया जात नाही." आता यांना काय बोलायचं!

तुझ्याकडं येतो. टॅक्ससाठी काही करू नको. पण दोन गोष्टी बघ. सरकार तुझ्या नावावर 14 टक्के घालतं, ते आधी तुझ्या उत्पन्नात धरतात आणि मग 80सीसीडी(2) खाली वजा करतात, नवीन रेजीममध्ये पण. काही ऑफिसात पहिलं करतात, दुसरं विसरतात. फॉर्म 16 (ऑफिसकडून मिळणारा पगार-टॅक्सचा दाखला) हातात आला की ते बघ. आणि प्रानचं स्टेटमेंट वर्षातून दोनदा काढून एचआरएमएसच्या (सरकारी पगाराची ऑनलाइन सिस्टीम) स्लिपशी ताडून बघ. माझे सात महिने पगारातून कापलेले होते आणि खात्यात जमाच नव्हते, दोन वर्षं अर्ज करत बसलो. शेअर बाजार वर गेला खाली गेला ते नंतर, आधी पैसे पोचलेत का ते बघायचं.

हे सगळं राज्य सरकारी नोकराचं म्हणून सांगितलं. अनुदानित शाळा, निगम-मंडळ असेल तर नियम वेगळे. बायको पण नोकरीला असेल आणि घराचं कर्ज असेल तर जुनी रेजीम परवडते का ते सीएकडून एकदा तपासून घे, मी सीए नाही. नवीन आयकर कायदा 1 एप्रिल 2026 पासूनचा, त्यात कलमांचे नंबर बदललेत, मी जुन्याच नंबरांनी बोललोय, सवय जात नाही.

पॉलिसीचं म्हणशील तर केजीआयडी (कर्नाटक सरकारचा नोकरांसाठीचा विमा) सक्तीचं आहेच, ते कापतात तेवढं विम्याला सुरुवात म्हणून पुष्कळ. त्यावर आणखी टर्म (माणूस गेला तरच पैसे देणारा विमा) घेतलीस तर ठीक, मनी बॅक (मधेमधे पैसे परत देणारी पॉलिसी) बिलकूल नको. पण एजंट सख्खा मामा आहे म्हणतोस, तेव्हा ते तुझ्या आईला विचारून ठरव.