पावसात सस्पेन्शन फॉल्ट येतो, उन्हात जातो. लँड रोव्हर डिस्कव्हरीचं एअर सस्पेन्शन (स्प्रिंगऐवजी हवेवर गाडी पेलणारं) काढून कॉइल स्प्रिंग बसवू का? खर्च किती?

नका बसवू. निदान आत्ता तरी नका.

तुम्ही स्वतःच लिहिलंय की गोव्याहून चोर्ला चढून कणकुंबी-जांबोटीच्या पावसातून घरी आलं की ‘सस्पेन्शन फॉल्ट’ लागतो. गाडी उन्हात उभी राहिली की आपोआप जातो. गॅरेजवाल्यानं मागचा डावा हाइट सेन्सर (चाकापाशी गाडीची उंची मोजणारा) बदलला तरी परत आला, आणि आता तो म्हणतोय हवाच काढून टाका. भिजल्यावर बिघडतं आणि वाळल्यावर सुधारतं ते वायरिंग असतं. फाटलेला बेलो, म्हणजे हवेचा रबरी फुगा, उन्हानं शिवला जात नाही.

‘सेन्सर बदलला तरी परत आला’ हे वाचलं म्हणूनच लिहायला बसलो. आमच्याकडं बेळगावच्या उद्यमबागेपासून निपाणीपर्यंत ही पद्धतच पडलीय: स्कॅनर लावायचा, पडद्यावर ज्या पार्टचं नाव येईल तो मागवायचा, बसवायचा, गिऱ्हाइकाचे पैसे घ्यायचे. अहो, मॉड्यूलला, म्हणजे सस्पेन्शन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला, सेन्सर दिसत नाही. त्याला त्याच्या एका पिनवरचा व्होल्टेज तेवढा कळतो. त्या पिनपासून सेन्सरपर्यंत वायर आहे, कपलर (वायरींचे प्लग) आहेत, अर्थ (करंट परत जाण्याची वायर) आहे. यातलं काहीही गेलं तरी फॉल्टचा कोड सेन्सरच्याच नावानं पडतो.

एका गाडीचं पूर्ण सांगतो. खानापूरकडची, केए-२२ पासिंगची डिस्कव्हरी ४. तिला कोड होता सी१ए२०, म्हणजे टाकीत हवा भरताना प्रेशर फार सावकाश चढतंय. या कोडवर सगळे डोळे झाकून कंप्रेसर बदलतात. हिलाही एकामागून एक दोन कंप्रेसर पडले होते, दोन्ही वेळा नवा रिले (कंप्रेसरचा करंट चालू-बंद करणारा स्विच) टाकून. नवा कंप्रेसर बसला की काही आठवडे ठीक, मग परत तोच कोड. मालकाला सांगितलं गेलं, ‘माल डुप्लिकेट निघाला.’ माल चांगला होता.

कंप्रेसर चालू असताना, इंजिन चालू असताना मोजलं. बॅटरीवर १४.१ व्होल्ट, कंप्रेसरच्या कपलरवर ११.२. म्हणजे २.९ व्होल्ट वाटेत कुठं तरी जातायत. कंप्रेसरचा कपलर सोडून, रिले चालू ठेवून हेच मोजलं तर दोन्हीकडं सारखं येतं, कारण करंट वाहत नसला की व्होल्टेज पडतच नाही. म्हणून ‘मीटर लावून बघितलं, सप्लाय बरोबर आहे’ या वाक्याला मी काडीची किंमत देत नाही. लोड चालू होता का, एवढंच विचारायचं.

मग हे २.९ व्होल्ट वाटून काढायचे. मीटरची एक सळई बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी कंप्रेसरच्या अर्थ पिनला: ०.२. चालेल, यापेक्षा जास्त नको. उरलेले २.७ पॉझिटिव्ह बाजूला, जिथं अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं की संशय घ्यायचा. बॅटरी पॉझिटिव्हपासून रिलेच्या ३० नंबरच्या पायापर्यंत (जिथून करंट आत येतो) ०.२. रिलेच्या ३० ते ८७ (जिथून तो बाहेर पडतो) पायांमध्ये ०.१, म्हणजे रिले ठणठणीत. ८७ च्या पायापासून सॉकेटखालून निघणाऱ्या वायरपर्यंत मात्र २.२! उरलेले ०.२ पुढं कंप्रेसरपर्यंत. रिले दोन मिलिमीटर वर उचलला की पायाला सळई टेकते, सॉकेट फोडावं लागत नाही.

करंट साधारण २५ अँपिअर होता. २.२ गुणिले २५ म्हणजे ५५ वॉट, हेडलाइटच्या एका बल्बाएवढी उष्णता नखाएवढ्या टर्मिनलमध्ये. जुना कंप्रेसर थकला तेव्हा तो जास्त वेळ चालला, तेव्हाच टर्मिनल तापून त्याचा ताण गेला, तोंड सैल पडलं, पितळ तपकिरी झालं. नवा रिले त्याच सैल तोंडात बसला. नव्या कंप्रेसरमध्ये जोर असतो म्हणून ११ व्होल्टवरही तो प्रेशर गाठतो, आणि टर्मिनल आणखी बिघडलं की कोड परत हजर. सॉकेटमधलं टर्मिनल बदललं, वायर तांबं चकाकेपर्यंत मागं कापली, नवा रिले टाकला. कंप्रेसर तोच ठेवला. कंप्रेसर बदलताना रिलेही बदला हे बरोबरच आहे, पण सॉकेट कोण बघणार? मोकळी नर पिन त्यात घालून ओढून बघा, हाताला पकड जाणवली पाहिजे. न जाणवली तर रिले सोन्याचा असला तरी उपयोग नाही.

याच प्रकारात आणखी एक: जुन्या हिताची कंप्रेसरच्या जागी एएमके कंपनीचा बसवला असेल तर मधे जोडवायरिंग येतं आणि मॉड्यूलचं सॉफ्टवेअरही बदलावं लागतं. ते जोडवायरिंग चासीला न बांधता लोंबतं सोडतात. पहिल्याच ओढ्यात त्याचा कपलर पाणी पितो.

आता तुमच्या सेन्सरकडं येतो. हाइट सेन्सरला तीन वायरी: ५ व्होल्ट, अर्थ, सिग्नल. सिग्नल साधारण अर्धा ते साडेचार व्होल्टच्या मधे फिरतो. कपलर काढून, चावी ऑन करून ५ व्होल्टच्या पिनवर दोनदा मोजा, एकदा चासीच्या तुलनेत आणि एकदा कपलरच्याच अर्थ पिनच्या तुलनेत. चासीशी ५ आले आणि अर्थ पिनशी कमी आले तर अर्थची वायर गेलीय. इथं एक उद्योग हमखास होतो: अर्थ गेली म्हणून बॉडीला नवीन अर्थ मारतात. सेन्सरची अर्थ मॉड्यूलमध्ये परत जाते, ती बॉडीला मारलीत तर बॉडीतल्या करंटनं सिग्नल हलतो आणि गाडी एका कोपऱ्यात वाकडी उभी राहते. वायर तुटली असेल ती वायरच दुरुस्त करायची.

मग कपलर परत लावून मागच्या बाजूनं, रबरी सीलच्या कडेनं बारीक पिन सरकवून सिग्नल मोजा. सेन्सरच्या दांडीची खालची लिंक सोडून ती हातानं सावकाश वर-खाली करा. आकडा सलग सरकला पाहिजे. मधेच शून्यावर किंवा पाचवर उडी मारली तर आता हात स्थिर ठेवा आणि वायरिंग हलवा. हात स्थिर असताना आकडा उडाला, तर सेन्सर निर्दोष. ‘सिग्नल फार वेगानं बदलतोय’ अशा अर्थाचा कोड असेल तर तो बहुतेक वेळा हाच: पिचलेली वायर धक्क्यानं सुटते आणि जुळते. चाक काही सेकंदाला शंभर वेळा वर-खाली होत नसतं.

तुमचा फॉल्ट पावसाचा, म्हणून कोरड्या गाडीवर काही सापडणार नाही. सस्पेन्शनचा लाइव्ह डेटा दाखवणारं यंत्र लावा. साधा ओबीडी डोंगल इंजिनाचे कोड वाचतो, हे नाही; गॅप कंपनीचं आयआयडी टूल किंवा तत्सम हवं. फवाऱ्याच्या बाटलीत पाणी घ्या आणि वायरिंग खालून वर भिजवत जा. वरून सुरुवात केलीत तर पाणी ओघळून सगळंच भिजतं आणि जागा कळत नाही. आधी सेन्सरचा कपलर, मिनिटभर थांबा, मग व्हील आर्चमधलं वायरिंग, मग चासीच्या क्लिपा, मग वरचे कपलर. गाडी उभी असताना उंचीचा आकडा एखाद-दुसऱ्या मिलिमीटरपेक्षा जास्त हलला की थांबा. तिथंच आहे.

बहुतेकदा सापडतं ते असं: चासीच्या क्लिपपाशी कव्हर घासलंय, आत जांबोटीची तांबडी माती लिंपल्यासारखी बसलीय, आणि ती धुतली की इन्सुलेशनवर केसाएवढी चीर. चिरेतून हिरवं दिसतं. हा हिरवा गंज चिरेपुरता नसतो. पाणी तांब्याच्या तारांमधून आतल्या आत चढतं. त्यामुळं दोन इंच कापून जोडलंत तर पुढच्या पावसाळ्यात परत याल. कापत मागं जा, तांबं लखलखीत लागेपर्यंत. दुसरी जागा म्हणजे उंदीर. शेतघरात, उसाच्या कडेला गाडी उभी राहत असेल तर मॉड्यूलपर्यंतचं वायरिंग उघडून बघाच.

याच चिरा पाडणारे लोक कोण, तर वायरला सुई टोचून टेस्ट करणारे. हा माझा जुना वाद आहे आणि मी मागं हटणार नाही. ‘एवढ्याशा भोकानं काय होतंय’ म्हणतात. घाटमाथ्यावरचा एक पावसाळा जाऊ दे, काय होतंय ते हिरवं होऊन बाहेर येतं. मागून पिन सरकवायला दोन मिनिटं जास्त लागतात, एवढीच तक्रार आहे त्यांची.

दुसरा वाद बल्ब टेस्टरचा. कंप्रेसरच्या जाड वायरीला बल्ब लावणं उत्तम. हेडलाइटचा ६०/५५ वॉटचा बल्ब घ्या, दोन्ही फिलॅमेंट जोडली की साडेनऊ अँपिअरच्या आसपास ओढतो. एकच तार शिल्लक राहिलेली वायर मीटरवर कंटिन्युइटीची शिटी वाजवते, बल्बपुढं मात्र उघडी पडते. पण तोच बल्ब सेन्सरच्या ५ व्होल्टच्या वायरीला लावला की मॉड्यूलचा जीव जाऊ शकतो. सेन्सरच्या वायरीवर फक्त डिजिटल मीटर. ओहम मोजायचे तर बॅटरी निगेटिव्ह काढून, मॉड्यूल आणि सेन्सर दोन्हीकडचे कपलर सोडून. तेव्हा ५ व्होल्ट आणि सिग्नल या दोन वायरींमध्ये मीटरनं काहीच दाखवता कामा नये. काही किलो-ओहम दाखवले तर कपलरमध्ये ओल आहे.

सगळेच मॉड्यूल एकमेकांबद्दल तक्रार करत असतील तर सेन्सर सोडा, कॅन, म्हणजे मॉड्यूल ज्यावरून एकमेकांशी बोलतात त्या दोन वायरी, बघा. बॅटरी सोडून डायग्नोस्टिक सॉकेटच्या ६ आणि १४ पिनमध्ये ६० ओहमच्या आसपास यायला हवेत. १२० आले म्हणजे एक टोक तुटलंय. आणि त्याच्याही आधी बॅटरी. उभ्या गाडीत १२.६ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी. थकलेल्या बॅटरीवर स्टार्टर मारताना या गाड्या वाटेल ते कोड टाकतात. असले कोड पुसा, बॅटरी चार्ज करा, जे परत येतील तेच खरे.

जोड कसा मारायचा? क्रिम्प करून, वर आतून गोंद असलेली श्रिंक स्लीव्ह, आणि तीनही वायरींचे जोड एकाच जागी न आणता पुढं-मागं. सोल्डर नको. सोल्डर तारांमध्ये चढून वायर कडक करतं आणि ती जिथं कडक संपते तिथंच चासीच्या थरथराटानं तुटते. उद्यमबागेतले एक जाणते वायरमन अण्णा यावर अजून माझ्याशी भांडतात, म्हणतात सोल्डरचा जोड वीस वर्षं टिकतो. टिकतो, रेडिओत. चासीखाली नाही. काळी टेप गुंडाळून वर केबल टाय मारणं हा जोड नव्हे. वायरिंग परत बांधताना कपलरच्या आधी थोडी ढील खाली सोडा, म्हणजे पाणी कपलरमध्ये न जाता ढिलीच्या टोकावरून गळतं.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. हवेवर उभ्या गाडीखाली कधीही शिरू नका. दार उघडं ठेवलं की लेव्हलिंग (गाडीचं आपोआप वर-खाली होणं) थांबतं, पण त्याच्या भरवशावर नको. चासीखाली स्टँड लावा. सेन्सर बदललाय तर चाकाच्या मध्यापासून आर्चपर्यंत मोजून कॅलिब्रेशन केलं होतं का, ते गॅरेजवाल्याला विचारा. रात्रीत एकच कोपरा बसत असेल तर ती गळती, तिथं साबणाचं पाणी लागतं. उभी गाडी स्वतःला सपाट करत राहते, म्हणून रात्री सस्पेन्शन मॉड्यूलचा फ्यूज काढून ठेवा, सकाळी खरा गळका कोपरा दिसेल. आणि हे आकडे डिस्कव्हरी ३-४ धरून लिहिलेत. दुसऱ्या गाडीला पद्धत तीच, पिना वेगळ्या.

स्प्रिंगचं म्हणाल तर, किट बसवलं तरी मॉड्यूल गाडीतच राहतं, त्याला गप्प करायला वेगळा उपाय करावा लागतो. ऑफ-रोडला गाडी वर उचलणं जातं, चढ-उतारासाठी खाली बसणं जातं. सडलेली वायर मात्र जागच्या जागी राहते. फवाऱ्यानं जागा सापडली आणि मागच्या डाव्या कोपऱ्याचं वायरिंग नीट झालं, तरीही पुढच्या पावसात फॉल्ट आला, तर कोड नंबरासकट परत विचारा. पुसायच्या आधी फोटो काढून ठेवा. गॅरेजवाले पहिलं काम कोड पुसण्याचंच करतात.