सीनेचं पाणी ओसरलं, आता ठेव मोडून डाळिंब लावावं का?

ताई, तुमचं पत्र मिळालं. माढा तालुक्यात सीनाकाठी तुमचं पाच एकर रान. त्यातलं नदीकडचं दोन एकर सप्टेंबर 2025 च्या पुरात खरडून गेलं; मोटार आणि ठिबकही गेलं. नऊ लाखांच्या ठेवी आहेत, त्यातले सहा लाख गावच्या पतसंस्थेत आणि तीन लाख राष्ट्रीयीकृत बँकेत. शिवाय दहा तोळे सोनं. मुलगी बारावीला. मालक म्हणतात, सात लाख मोडून खरडलेल्या रानात माती भरू, दोन्ही एकर डाळिंब लावू, कमी पडलं तर सोनं गहाण ठेवू. हे करावं का, असं तुम्ही विचारलंय.

नदीकडच्या दोन एकरांत करू नका. वरच्या तीन एकरांपैकी एका एकरात जरूर करा.

मालकांची घाई मला कळते. रान पडीक दिसलं की शेतकऱ्याला झोप लागत नाही, आणि डाळिंब साधलं तर पैसा देतं हेही खरं. पण डाळिंबाला निचऱ्याची, हलकी, मुरमाड जमीन लागते. नदीकाठी भरलेल्या मातीत पाणी साचलं की झाडं वाळवणारा मर रोग लागतो, दमट हवेत तेल्या रोग येतो. पहिलं नीट पीक हाती यायला दोन-अडीच वर्षं जातात. म्हणजे तुमचे सात लाख किमान दोन पावसाळे नदीच्या तोंडाशी राहणार, आणि तोवर त्यातून रुपया सुटणार नाही.

पुन्हा एवढा पूर थोडाच येतोय, असं मालक म्हणतील. तुमच्याच तालुक्याचं बघा. 2023 साली सरकारने दुष्काळ जाहीर केलेल्या 40 तालुक्यांत माढा होता; बार्शी, करमाळा, सांगोला, माळशिरसही होते. दोनच वर्षांनी त्याच माढ्यात माणसं हेलिकॉप्टरने काढावी लागली आणि शेजारच्या मोहोळ तालुक्यात लांबोटीजवळ सोलापूर-पुणे महामार्ग बंद झाला. हवा एक अंशाने तापली की सुमारे 7 टक्के जास्त बाष्प धरते. त्यामुळे पाऊस लांबतो, आणि येतो तेव्हा चार दिवसांत कोसळतो. आपल्या पर्जन्यछायेच्या जिल्ह्याला आता दोन्हींचा हिशोब धरावा लागणार.

विमा आहे ना, असंही तुम्ही लिहिलंय. इथे जरा थांबा. फळपिकांचा हवामानावर आधारित विमा महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या आकड्यांवर चालतो. सीनेला आलेलं पाणी मात्र निव्वळ तुमच्या मंडळातलं नव्हतं. अहिल्यानगर, बीड, धाराशिवकडे पाऊस झाला, सीना-कोळेगाव धरणातून विसर्ग वाढला आणि पाणी तुमच्या दारात आलं. तुमच्या मंडळात पर्जन्यमापकाने अट पूर्ण होण्याइतका पाऊस मोजलाच नाही, तर बाग वाहून गेली तरी हा विमा लागू होईलच असं नाही. शिवाय बाग उत्पादनक्षम वयाची झाल्याशिवाय तो मिळत नाही, आणि वाहून गेलेली माती तर कोणताच पीकविमा भरून देत नाही.

मातीसाठी आधी सरकारी पैसा वापरा. ऑक्टोबर 2025 च्या पॅकेजमध्ये खरडलेल्या जमिनीला हेक्टरी 47 हजार रोख आणि मनरेगातून हेक्टरी 3 लाखांपर्यंतची कामं जाहीर झाली. तुमचं दोन एकर म्हणजे साधारण 0.8 हेक्टर; रोख सदतीस हजारांच्या आसपास, आणि कामं दोन लाख चाळीस हजारांपर्यंत. पंचनाम्यात क्षेत्र ‘खरडून गेलेलं’ असंच नोंदलंय का, की नुसतं ‘पीक नुकसान’ लिहिलंय, हे तलाठ्याकडे जाऊन स्वतः वाचा. एवढ्यात जेवढी माती भरेल तेवढीच भरा. त्या रानात ऑक्टोबरात शाळू (रब्बी ज्वारी) किंवा हरभरा पेरा आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत काढून घ्या. पुराच्या महिन्यांत तिथे तुमचा पैसा उभाच नको.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती पतसंस्थेतल्या सहा लाखांची. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्याही, ठेव विमा महामंडळाचं संरक्षण असतं: एका बँकेत एका ठेवीदाराला मुद्दल आणि व्याज मिळून 5 लाखांपर्यंत. पतसंस्थेला ते नाही. तुमच्या पतसंस्थेची कर्जं कुणाला दिलेली आहेत? तुमच्यासारख्याच सीनाकाठच्या लोकांना, गावातल्या दुकानदाराला, दूधवाल्याला. पूर आला की सगळ्यांचे हप्ते एकदम थकतात, आणि नेमक्या त्याच आठवड्यात सगळे ठेवी काढायला रांगेत उभे राहतात. संस्था कितीही प्रामाणिक असली तरी तेव्हा हात वर करू शकते. शेत, घर आणि ठेव अशी तिन्ही एकाच पाण्यात जाऊ देऊ नका. एक-दीड टक्का जादा व्याजासाठी एवढी जोखीम नको.

म्हणून माझी मांडणी अशी. वरच्या एका एकरातल्या डाळिंबाला अडीच लाखांची मर्यादा. त्यात रोपं, ठिबक, मोटार सगळं बसवा. बँकेतले तीन लाख मुलीचं शिक्षण आणि वर्षभराचा घरखर्च म्हणून अजिबात हलवायचे नाहीत. पतसंस्थेतले उरलेले साडेतीन लाख दुसऱ्या बँकेत, वेगवेगळ्या मुदतीच्या तीन-चार पावत्या करून, म्हणजे गरजेला एकच मोडता येईल. सोनं घरातून काढूच नका. लागोपाठ दुसरं वाईट वर्ष आलं तर तेच कामाला येणार आहे. खेळत्या भांडवलाला पीककर्ज घ्या. 3 लाखांपर्यंतचं कर्ज वेळेत फेडलं तर पंजाबराव देशमुख योजनेत व्याज लागत नाही.

घर पक्कं असेल तर ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसी काढा. तिच्यात पूर धरलेला असतो. जनावरांचा विमा काढलात तर कानातला बिल्ला दिसेल असा प्रत्येकाचा फोटो मोबाइलवर ठेवा. बिल्ला नसेल तर दावा मिळत नाही, आणि वाहून गेलेल्या गाईचा बिल्ला नंतर कुठून आणणार?

रोपांची आगाऊ रक्कम देण्याआधी पतसंस्थेच्या पावत्यांची मुदत कधी संपते आणि आत्ता मोडल्यास व्याज किती कापतात, हे लेखी विचारून घ्या. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर मुदतीची वाट न बघता पैसे काढा, भले व्याज गेलं तरी.