ताटाखालचा हात

"मॅडम, कॉन्व्हेंटला घातलं खरं, पण पोरगी आपली राहील का हो?"

मी समुपदेशक. जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की हा प्रश्न माझ्यापुढे येतो आणि डिसेंबरात नाताळच्या नाटकाच्या तालमी लागल्या की परत येतो. टिळकवाडीतल्या नोकरदार घरातून येतो, वडगाव-शहापूरच्या मागवाल्यांच्या घरातून येतो, खानापूरहून सकाळची बस धरून आलेल्या आईच्या तोंडून येतो. बेळगावात मराठी घरातलं मूल मिशनरी शाळेत जाणं नवं नाही. आजोबा, बाप आणि नातू एकाच शाळेतून शिकलेली वारकरी घरं मला ठाऊक आहेत. तरी अलीकडे ही काळजी वाढली आहे. मोबाइलवर फिरणाऱ्या निरोपांनी ती पेटते, आणि आईबाप माझ्याकडे येतात तेव्हा बहुतेक वेळा दाखला काढायचा अर्ज लिहून तयार असतो. म्हणून एका घराची हकिकत सांगते. आईची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असं सगळं बदललं आहे.

मुलगी चौथीत. आई पहिल्यांदा एकटीच आली आणि खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाली, "ती जेवताना हात ताटाखाली लपवते."

घरी सगळे खाली बसून जेवतात. पोरगी ताट पुढ्यात आलं की उजवा हात ताटाच्या कडेखाली सरकवते, फरशीवर बोट फिरवते आणि मग जेवायला लागते. आईनं एकदा ताट झटकन उचललं. बोट फरशीवर उभं-आडवं फिरताना दिसलं. क्रॉस. त्या रात्री नवराबायकोत भांडण झालं. नवरा म्हणाला, शाळा बदलू. सासऱ्यांना, म्हणजे पोरीच्या आबांना, कुणी काही बोललं नाही. आबा माळकरी. चाळीस वर्षं आषाढीची वारी केलेले, आता गुडघ्यांमुळे घरीच असतात.

"मामंजींना कळलं तर काय वाटेल त्यांना?" आई एवढंच चारचारदा विचारत होती.

पहिल्या तीन भेटींत पोरीनं मला काही दिलं नाही. परीक्षेत दिल्यासारखी उत्तरं. शाळा आवडते? हो. मैत्रिणी आहेत? आहेत. घरी कुणी रागावतं? नाही. असल्या वेळी प्रश्न वाढवले की मूल आणखी आत जातं, म्हणून मी गप्प बसले आणि भातुकली काढून ठेवली. पितळेची जुनी भातुकली आहे माझ्याकडे, माझ्या आजोळची.

चौथ्या भेटीत तिनं पाट मांडले. आईचं ताट, पप्पांचं ताट, तिचं स्वतःचं, आबांचं. चमच्यानं खोटाखोटा भात वाढला. मग आबांच्या ताटाच्या कडेखाली बोट घालून तिनं क्रॉस काढला. फक्त आबांच्या. बाकीच्या तीन ताटांकडे पाहिलंसुद्धा नाही.

मी विचारलं, "हे आबांच्याच ताटाला का गं?"

"आईपप्पांना मी शिकवणार आहे नंतर. आबा तोपर्यंत म्हातारे होतील ना."

"आणि आबांसाठी नाही काढला तर?"

तिनं छोट्या पातेल्यावर झाकण ठेवलं, काढलं, परत ठेवलं. बऱ्याच वेळानं म्हणाली, "आबा खाली जातील. आगीत. व्हॅनमध्ये सांगितलं मला. ते माळ घालतात म्हणून देव त्यांना घेणार नाही. मग मी त्यांच्या वाटचं करते."

पंचवीस वर्षांच्या कामात असे क्षण मला फार आले नाहीत. आईबाप समजत होते, पोरगी आपल्यापासून लांब चालली. आणि ती नऊ वर्षांची पोर रोज दोन वेळा, कुणाला न सांगता, आजोबांना आगीतून ओढून काढत होती. ते ओझं तिनं किती महिने उचललं असेल! हात लपवत होती तो धर्म बदलला म्हणून नव्हे. आबांना कळलं तर ते घाबरतील, म्हणून.

मला आजही वाटतं की मुलांच्या बाबतीत 'काय करतंय' यापेक्षा 'कुणासाठी करतंय' हे विचारलं की दार उघडतं. माझा सगळा कल घराकडे बघण्याचा आहे. एकट्या मुलात बिघाड शोधत बसणं मला पटत नाही. मूल जे करतं ते घरातल्या कुणाला तरी सांभाळण्यासाठी करतं, असं मी मानत आले. त्या दिवशी ते भातुकलीच्या ताटाखाली मला दिसलं.

वयाचाही भाग आहे. श्रद्धेची वाढ कशी होते यावर काम केलेले अमेरिकन अभ्यासक जेम्स फाउलर सांगतात की साधारण सात ते बाराच्या वयात मूल धर्मातली गोष्ट शब्दशः घेतं. आग म्हणजे आग. रूपक वगैरे नंतर. शाळेच्या व्हॅनमध्ये शेजारच्या सीटवरच्या दहा वर्षांच्या मैत्रिणीनं ऐकीव काही सांगितलं, आणि हिनं ते गॅसच्या शेगडीसारखं खरं मानलं.

आईला हे सांगितलं तेव्हा ती रडली. मग रागावली. "म्हणजे शाळेनंच डोक्यात घातलं ना?"

मी तिला विचारलं, "आबांची माळ कशाची आहे, कधी घातली, का घातली, हे पोरीला ठाऊक आहे का?"

ठाऊक नव्हतं. घरात संध्याकाळी हरिपाठ होत होता, पण आबा एकटेच पुटपुटायचे आणि पलीकडे टीव्ही चालू असायचा. येशूच्या गोष्टी पोरीनं चार वर्षं ऐकल्या होत्या, चित्रांसकट, नाटकांसकट. एकदा मेंढपाळ झाली होती. विठोबाची एक गोष्ट तिला कुणी बसून सांगितली नव्हती. "घरात आहेच की ते सगळं," आई म्हणाली. घरात होतं. तिच्यापर्यंत गेलं नव्हतं.

आबांना बोलवायचं म्हटल्यावर नवरा बिथरला. "त्यांच्या जिवाला लागेल मॅडम." मी अडून बसले. जिच्या मनात आबांसाठी भीती आहे तिची भीती आबाच काढणार. तिथं माझा काय उपयोग?

आबा आले. धोतर, टोपी, हातात कापडी पिशवी. पोरगी भातुकलीजवळ बसली होती. मी काही समजावलं नाही. तिनंच ताट मांडलं, आणि हात खाली जायला लागला तसा थांबला.

आबांनी विचारलं, "काय करूलालीस गं बाळा ताटाखाली?"

तिनं सांगितलं. अडखळत, पण सगळं सांगितलं. आग, व्हॅन, माळ.

आबा बराच वेळ बोलले नाहीत. त्यांचा अंगठा माळेच्या एका मण्यावर फिरत होता. मग म्हणाले, "माझ्यासाठी मागतीस न्हवं? मग वर काढ की हात. चोरून कशाला मागायचं?" आणि थोड्या वेळानं, "मला भ्या न्हाई बाळा. माझा इठोबा मला ठाऊक हाय. तू माझी काळजी केलीस ते लई ग्वाड वाटलं. पर आता ते वझं माझ्याकडं दे."

पोरीनं त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि झोपली. अक्षरशः झोपली, दुपारी चार वाजता. आई मला नंतर म्हणाली, कितीतरी महिन्यांत ती अशी गाढ झोपली नव्हती.

मोठ्या माणसानं निश्चिंत असणं, एवढंच मुलाला लागतं. आबांनी ना शाळेला नावं ठेवली, ना पोरीच्या क्रॉसला. 'आपला देव खरा, त्यांचा खोटा' असं ते म्हणाले असते तर पोरीच्या मनातली आग फक्त इकडून तिकडे गेली असती. आबांऐवजी तिच्या सिस्टर त्यात दिसल्या असत्या.

शाळेत मीही गेले, आईला बरोबर घेऊन. भांडायला नाही. सिस्टर खानापूरकडच्याच, मराठी आपल्यासारखंच. ऐकून त्या सुन्न झाल्या. म्हणाल्या, "मॅडम, आमची चर्चसुद्धा असं शिकवत नाही हो." आणि ते खरं आहे. कॅथलिक चर्चच्या जगभरातल्या बिशपांच्या सभेनं, म्हणजे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं, 1964 साली लिहून ठेवलंय की ज्यांना आपल्या दोषाशिवाय ख्रिस्ताची ओळख झाली नाही, पण जे प्रामाणिक मनानं देवाला शोधतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. पुढच्या वर्षी, 28 ऑक्टोबर 1965 ला, त्याच परिषदेचे दोन दस्तऐवज एकाच दिवशी आले. एक म्हणतो, इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे त्यातलं काहीही चर्च नाकारत नाही. दुसरा शिक्षणावरचा, तो म्हणतो की मुलाचे पहिले आणि मुख्य शिक्षक आईबाप. व्हॅनमधल्या पोरीला यातलं काहीच कुणी सांगितलं नव्हतं. सिस्टरनी दुसऱ्या दिवशी त्या पोरीला जवळ बसवून सांगितलं, वर्गापुढे उभं न करता. मला ते फार आवडलं.

आता जे मी प्रत्येक आईबापाला सांगते, ते इथं सांगते.

शाळेत धर्माच्या नावाखाली नेमकं काय चालतं ते विचारा. बहुतेक कॅथलिक शाळांत कॅथलिक मुलांना वेगळा धर्मशिक्षणाचा तास असतो, बाकीच्यांना मॉरल सायन्स. व्हॅटिकननंच 1988 च्या दस्तऐवजात फरक केला आहे: श्रद्धा रुजवणं वेगळं आणि धर्माची माहिती देणं वेगळं. माहिती सगळ्यांना मिळावी. मी तर म्हणते हिंदू, मुस्लिम, लिंगायत, जैन सगळ्या मुलांना येशू कोण, बसवण्णा कोण, तुकोबा कोण हे शिकवावं. आपल्या जिल्ह्यात हे सगळे शेजारी राहतात. श्रद्धा रुजवणं मात्र ज्याच्या घरची ती आहे त्याच्यापुरतं. प्रार्थनेच्या वेळी तुमचं मूल नुसतं हात जोडून उभं राहिलं तर चालतं का, हेही विचारा. घटनेचं कलम 28(3) सांगतं की सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत धार्मिक शिक्षण घ्यायला किंवा उपासनेत बसायला कुणालाही भाग पाडता येत नाही. अल्पवयीन असेल तर पालकाची संमती लागते. हे मुख्याध्यापिकांच्या टेबलावर आपटायला सांगत नाही. संमती तुमच्या हातात आहे हे कळलं की विचारतानाचा आवाज आपोआप खाली येतो.

आणि आपण सीमाभागातली मराठी माणसं, आपल्याला एक गोष्ट जास्त कळायला हवी. 1 नोव्हेंबर 1956 ला बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेलं आणि आपण भाषेनं अल्पसंख्य झालो. इथल्या मराठी शाळा टिकाव्यात म्हणून आपण ज्या कलम 30 चा आधार घेतो, धर्मानं किंवा भाषेनं अल्पसंख्य असलेल्यांना शाळा काढायचा आणि चालवायचा हक्क देणारं, त्याच कलमावर मिशनरी शाळाही उभ्या आहेत. एकाचा हक्क कापला तर सुरी आपल्याही हक्कापर्यंत येते. पोरीच्या बापाला हे मी सांगितलं तेव्हा तो गप्प झाला. नंतर म्हणाला, "मी कन्नड सक्तीनं शिकलो मॅडम. दुकानात दिवसभर तेच बोलतो. पण माझी मराठी गेली नाही, कारण आमच्या आईनं घरात दुसरं काही बोलू दिलं नाही."

मी म्हटलं, "मग?"

श्रद्धा आणि भाषा अगदी सारख्या नव्हेत, हे मला मान्य आहे. चार भाषा एका जिभेवर राहतात, चार श्रद्धा एका मनात तशा राहतीलच असं नाही. पण दोन्ही टिकतात त्या घरच्या तोंडून.

याच वर्षी खानापूर भागातली एक कॅथलिक आई आली होती. तिची काळजी नेमकी उलटी. मुलाच्या वर्गात कॅथलिक मुलं मोजकी. धर्मशिक्षणाच्या तासाला त्यांना उठून दुसऱ्या खोलीत जावं लागतं, आणि मुलगा म्हणतो, मला पण मॉरल सायन्सला बसू दे. "चर्चची शाळा असून आमचंच पोर बाहेर पडायला लागलं," ती म्हणाली. मी विचारलं, घरी रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, होते का? तिनं खाली बघितलं. "शाळा आहे की शिकवायला, म्हणून आम्ही सोडून दिलं." पहिल्या आईचं "घरात आहेच की" आणि हे वाक्य मला एकाच कापडाचे दोन तुकडे वाटले. मुलाला दुसरं काही नको होतं. सगळ्यांदेखत उठून जाताना आपण कुठं आणि का चाललोय, हे त्याला मित्राला सांगता येत नव्हतं. वडिलांनी तीन रविवार त्याला मिस्साहून, म्हणजे चर्चमधल्या उपासनेहून, परत येताना चालत आणलं आणि सांगत राहिले. आता तो उठतो तेव्हा मित्राला म्हणतो, "येतो की जाऊन."

चौथीतल्या पोरीच्या आईचा गेल्या महिन्यात फोन आला. शाळा बदललेली नाही. सात वाजता टीव्ही बंद होतो. आबांनी पुंडलिकाची गोष्ट सांगितली, देव विटेवर का उभा राहिला ती, आणि पोरगी तीच गोष्ट सलग आठवडाभर मागते आहे. नाताळच्या नाटकात तिला यंदा तारा व्हायचंय. चांदीचा कागद आबाच खडेबाजारातून आणणार आहेत.

"आणि हात?" मी विचारलं.

"वर असतो. कधी जोडते, कधी तसंच. भूक लागलेली असते हो तिला, घास घ्यायची घाई असते."