जुनी वायरची डोअरबेल काढल्यावर तिच्या वायरींना नुसती टेप मारली तर चालेल का?

नाही चालणार.

तुम्ही लिहिलंय की जुन्या घरातली डिंग डाँग बेल काढून वायरलेस बसवायची आहे, आणि एका अमेरिकन व्हिडिओत माणूस बेलच्या वायरी हातानेच सोडवून, टेप गुंडाळून मोकळा होतो. त्याचं त्याच्या घरी बरोबर आहे. तिकडे बेलसाठी वेगळा छोटा ट्रान्सफॉर्मर असतो, तो १६ ते २४ व्होल्ट एवढाच दाब बेलपर्यंत जाऊ देतो. आपल्या जुन्या घरांतल्या बेलला थेट २३० व्होल्ट येतात. फाटकावरचं बटण दिसायला किरकोळ, पण काम पंख्या-दिव्याच्या बटणाचंच करतं आणि करंटही तोच.

मी हे तावातावाने लिहितेय, कारण यावरून आमच्या थोरल्या भाऊजींशी माझं एकदा चांगलंच वाजलंय.

आमचं घर सांगलीत, गावभागात. ऑगस्ट २०१९ च्या पुरात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५. आमचा खालचा मजला पाण्यात होता. पाणी उतरल्यावर गाळ उपसला, बोर्ड उघडून वाळवले, वायरमनने सगळं तपासून लाईट चालू करून दिली. फाटकाच्या खांबावरचं बेलचं बटण तेवढं सगळ्यांच्या नजरेतून सुटलं.

मग एका सकाळी दूधवाल्याने ते दाबलं. ‘डिंग’ वाजलं, ‘डाँग’ वाजलंच नाही. नुसती घरघर. या बेलमध्ये तांब्याच्या तारेची कॉइल असते. बटण दाबलं की आतला दांडा ओढला जाऊन एका पट्टीवर आपटतो, सोडलं की स्प्रिंगने मागे येऊन दुसरीवर. बटणात गाळ बसल्यामुळे ते दाबलेलंच राहिलं आणि दांडा तिथेच अडकला. क्षणभरापुरता करंट घेणारी ती कॉइल तापत गेली. वार्निश जळाल्याचा वास घरभर झाला, बेलचं पांढरं झाकण एका बाजूने पिवळं पडून मऊ झालं. मी धावत जाऊन मेन स्विच पाडला, तरी घरघर चालूच! बेलची लाईन इन्व्हर्टरवर होती. लाईट गेल्यावरही बेल वाजावी म्हणून पुष्कळ ठिकाणी तशी जोडलेली असते. माडीवर जाऊन इन्व्हर्टर बंद केला तेव्हा ती गप्प झाली.

दुपारी भाऊजी आले. त्यांनी बेल उतरवली, दोन्ही वायरींना टेप मारली आणि म्हणाले, झालं काम. मी म्हटलं, अहो, फाटकावरच्या बटणात फेज, म्हणजे करंट असलेली वायर, तसाच आहे, लोखंडी फाटक आहे, पोरं त्याला लोंबकळतात. भाऊजी नुकतेच मुलाकडे अमेरिकेत राहून आलेले. म्हणाले, “बेलला कसला आलाय करंट? तिकडे मी स्वतः हातात धरल्यात वायरी. तुला काय कळतंय त्यातलं?”

माझे वडील वायरमन होते. त्यांच्या हाताखाली पक्कड नि टेस्टर देत मी वाढले, त्यामुळे मला कळतंय. इन्व्हर्टर चालू केला, बटणाचं झाकण काढलं, टेस्टर लावला. पेटला. भाऊजी म्हणाले, ओलीमुळे टेस्टर असाच पेटतो. कधी कधी पेटतो, हे खरं. म्हणून होल्डरला वायरी जोडून बल्ब आणला, एक टोक त्या स्क्रूला, दुसरं एक्स्टेन्शनच्या न्यूट्रलला, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरीला. बल्ब लख्ख पेटला. ओलीतून झिरपलेल्या करंटावर बल्ब पेटत नाही. भाऊजी चहा न घेता गेले, आणि मी लाईन तोडायला वायरमन बोलावला.

आता तुमचं. बेल काढली तरी फेज कुठे ना कुठे उभा राहतोच. जोडणी बरोबर असेल तर बटणाच्या एका स्क्रूवर. जुन्या काळी कुणी न्यूट्रल बटणातून फिरवली असेल तर थेट बेलच्या जागी, तुम्ही टेप मारलेल्या टोकावर. म्हणून लाईन तोडायची ती बेलला जिथून सप्लाय घेतलाय तिथून, म्हणजे बहुतेक जवळच्या बोर्डातून किंवा जंक्शन बॉक्समधून. टेस्टर आधी चालू पॉइंटवर लावून तो स्वतः चालतोय ना बघा. मग मेन बंद, इन्व्हर्टरही बंद, आणि टेस्टर इथे लावा. लाल वायर फेज आणि काळी न्यूट्रल असेलच, असं जुन्या घरात धरून चालू नका. बोर्डात एकाच स्क्रूखाली पुढच्या पॉइंटला गेलेली वायरही असते. ती परत घट्ट कसा, नाहीतर पुढचा पंखा बंद पडेल किंवा सैल जोड तापत राहील. दोन वायरी एकाच वेळी पकडीत धरून कापू नका. बंद केलेली लाईन बंदच आहे या भरवशावर माणसं तसं करतात आणि ठिणगी उडते. पाइपातली वायरिंग असेल तर वायरी ओढून काढा, नाहीतर चारही टोकं (बेलकडची दोन, बटणाकडची दोन) कनेक्टरमध्ये घेऊन वर कोरी प्लेट लावा.

वायरलेस खुशाल लावा, पण बटण पावसाच्या आडोशाला.

बल्बचा प्रयोग तुम्ही करू नका, तो शिकलेल्या हाताचा आहे. वायरीवरचं रबर हात लावताच भुगा होत असेल, भिंतीला ओल असेल किंवा लाईन इन्व्हर्टरवर आहे की नाही याचा पत्ता लागत नसेल, तर यातलं काहीच स्वतः करू नका, लायसन असलेला वायरमन बोलवा. घर भाड्याचं असेल तर मालकाला आधी विचारा. आणि घरात ३० मिलीअँपिअरचा ईएलसीबी (करंट गळू लागला की लाईन आपोआप तोडणारा स्विच) नसेल तर त्याच फेरीत बसवून घ्या.

भाऊजी अजूनही म्हणतात की टेप पुरली असती, वायरमनचे पैसे उगाच गेले. तुमच्याही घरात असं म्हणणारं कुणी असेल. त्यांच्याशी वाद घालत बसू नका. वायरमन आला की समोर उभं राहून, बोर्डातून सुटलेलं फेजचं टोक डोळ्यांनी बघा आणि मगच पैसे द्या.